कूलरसोबत प्रोसेसर उपटून आला, पिना वाकल्या, एक मोडली: आता काय करायचं?

घणसोलीहून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं आहे: "दादा, कॉम्प्युटर फार तापत होता म्हणून पंखा साफ करायला आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट बदलायला कूलर काढला. स्क्रू सोडवून वर ओढला तर प्रोसेसरच कूलरला चिकटून बाहेर आला आणि सुटून टेबलावर पडला. एएमडीचा रायझन 5 3600 आहे, बी450 मदरबोर्ड. एका कडेच्या सात-आठ पिना वाकल्यात आणि एक मुळापासून मोडली. दोन दुकानांत दाखवला, दोघंही म्हणाले गेला, नवीन घ्या. घरी अजून सांगितलेलं नाही. खरंच गेला का?"

गेला, असं मी तरी आज म्हणणार नाही. ठाण्यात, नौपाड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल आहे, 21 वर्षं हेच काम करतोय, आणि तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले प्रोसेसर उठून चालू झालेले पाहिले आहेत. पण "करून तर बघू" म्हणून घाईत सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत, दाबलेले, आणि तिथेच कायमचे संपलेलेही पाहिले आहेत. म्हणून आधी एवढंच कर: तो प्रोसेसर पिना वर करून एखाद्या घट्ट डबीत ठेव आणि हे सगळं वाचून होईपर्यंत हात लावू नकोस. थर्माकोलमध्ये खोचू नकोस, कापसात गुंडाळू नकोस. थर्माकोलला स्थिर वीज धरते आणि कापसाचे धागे पिनांत अडकतात. प्रोसेसरच्या खोक्यातलं पारदर्शक प्लास्टिकचं कवच सापडलं तर तेच सगळ्यात चांगलं.

आधी हे झालं कसं ते सांगतो, कारण अशा वेळी माणूस उगाच स्वतःला कोसत बसतो. तुझ्या बोर्डाचं सॉकेट एएम4 आहे. त्यात प्रोसेसरला 1331 पिना असतात आणि सॉकेटला तेवढी भोकं. बाजूची दांडी खाली केली की सॉकेटमधली पट्टी किंचित सरकते आणि पिना बाजूने चिमटीत धरल्या जातात. बस, एवढीच पकड. वरून दाबून ठेवणारी लोखंडी चौकट या सॉकेटला नाही. आणि 3600 सोबत येणाऱ्या कूलरला कंपनीतूनच पेस्ट लावलेली असते, ती तीन-चार वर्षांत वाळून गोंदासारखी होते. पेस्टची पकड सॉकेटच्या पकडीहून जास्त झाली की प्रोसेसर कूलरबरोबरच येणार. सरळ वर उपटला गेला असेल तर पिना बहुतेक वेळा सरळच राहतात. तुझ्या पिना वाकल्या त्या टेबलावर पडताना, म्हणूनच एकाच कडेला वाकल्यात. ही चांगली गोष्ट आहे. नुकसान एका जागी आहे आणि सगळ्या पिना साधारण एकाच दिशेला झुकल्या असतील.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वाकलेली पिन सरळ होते, पण ती किती वेळा वाकवायची याला मर्यादा आहे. बांधकामाची बारीक तार हातात घेऊन पुढेमागे वाकवली की पहिल्यांदा सहज वाकते, मग कडक होते, मग तटकन तुटते. पिनेचंही तसंच. तुझ्या प्रत्येक वाकड्या पिनेने एक वळण खर्च केलेलं आहे. सरळ करताना दुसरं खर्च होणार. म्हणजे प्रत्येक पिनेसाठी तुझ्याकडे एकच हालचाल आहे असं धरून चाल. इकडे जास्त गेली म्हणून परत तिकडे, मग परत इकडे, असं करायचं नाही.

हे मी शिकलो ते एका पेन्टियम 4 वर, 478 पिनांच्या. कळव्याचे एक डीटीपीवाले काका घेऊन आले होते, एकच पिन वाकली होती. पहिल्या खेपेत ती नव्वद टक्के सरळ झाली. पण मला ती शेजारच्या ओळीशी अगदी तंतोतंत हवी होती. दुसऱ्यांदा हलवली, थोडी पलीकडे गेली. तिसऱ्यांदा परत आणायला गेलो आणि ती माझ्या चिमट्यातच राहिली. नंतर सॉकेटची भोकं भिंगाखाली पाहिली तेव्हा लक्षात आलं की पहिल्या खेपेनंतरच ती पिन भोकात गेली असती. भोकाच्या तोंडाशी थोडी ढील असते. काकांना मी दुसरा प्रोसेसर आणून दिला, पण ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझा नियम असा: पिन दिसायला सुंदर नको, भोकात जाण्याइतकी सरळ हवी.

काम सुरू करण्याआधी मोबाईलने फोटो काढ. वरून एक, आणि चारही बाजूंनी टेबलाच्या पातळीवर डोळा आणून एकेक. तिरप्या उजेडात सरळ पिनांच्या ओळी शेतातल्या उसाच्या सरींसारख्या आरपार दिसतात. वाकडी पिन असेल त्या सरीत अडथळा दिसतो. प्रत्यक्ष डोळ्यांना सात-आठ दिसल्या असतील तर फोटो मोठा करून पाहिल्यावर दहा-बारा निघतात, हा माझा नेहमीचा अनुभव. पिनांमध्ये पेस्ट गेली असेल तर आधी ती काढ. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मुलांचा मऊ टूथब्रश, ब्रश नेहमी पिनांच्या टोकाकडे, आडवा कधीच नाही. घाईचं कारण नाही, पूर्ण वाळू दे.

अवजारांबद्दल एक खुलासा करायलाच हवा. एटीएम कार्डाची कड ओळींमधून फिरवा असा सल्ला तुला दहा जण देतील. तो जुना सल्ला आहे. एएम2, एएम3च्या काळात दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर 1.27 मिलिमीटर होतं. एएम4 मध्ये ते 1 मिलिमीटर आहे. एटीएम कार्डाची जाडी असते 0.76 मिलिमीटर. एक मिलिमीटरमधून पिनेची स्वतःची जाडी वजा कर, म्हणजे कळेल की कार्ड तिथे घुसवावं लागतं, सहज फिरत नाही. चांगल्या पिनाही मग वाकतात. त्यापेक्षा चांगल्या जाड कागदाचं व्हिजिटिंग कार्ड घे, किंवा दाढीचं ब्लेड, ज्याची एक कड चिकटपट्टीने झाकलेली असेल. एकाच दिशेला थोड्याशा झुकलेल्या ओळीला आधी यानेच हळूच उभं करायचं.

जास्त वाकलेल्या एकेकट्या पिनेसाठी पेन्सिल. शाळेतली पोरं वापरतात ती, शिसं आत घालायची, धातूच्या नळीच्या टोकाची, 0.5 किंवा 0.7 ची. शिसं पूर्ण काढून टाक आणि नळी अल्कोहोलने आतून धू. हे मी जोर देऊन सांगतो, कारण पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. त्याची पूड पिनांच्या मुळाशी सांडली तर एक दोष काढताना दुसरा घालशील. पेन्सिल नसेल तर मेडिकलमधून 18 नंबरची इंजेक्शनची सुई आण, तिचं तिरपं टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट कर. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे लक्षात ठेवून माग.

आता प्रत्यक्ष हात. टेबलावर जाड टॉवेल नको, पिना अडकतात. सपाट, कडक जागा, वर एक कागद. प्रोसेसर कडांनी धर. बसण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लाव, अंगातली स्थिर वीज निघून जाते. नळी पिनेवर अलगद उतरव, जवळजवळ मुळापर्यंत. हे महत्त्वाचं आहे: नळी टोकाशीच राहिली तर पिन मधोमध वाकते आणि इंग्रजी एससारखी होते, मग ती सरळ करणं दुप्पट कठीण. मुळापर्यंत गेली की मनगट न हलवता फक्त बोटांनी, श्वास सोडत, हळूहळू उभी कर. पिन उभी होताना बोटांना एक बारीकसा मऊ प्रतिकार जाणवतो. तो अचानक नाहीसा झाला तर थांब, कारण पिन मुळाशी तडकते आहे. पुरेशी उभी झाली की नळी सरळ वर काढ, वळवून नाही. एक पिन झाली की डोळे मिट, पाणी पी, मग दुसरी. दहा पिनांना मी अजूनही पाऊण तास घेतो.

शेजारच्या पिनेला जाऊन टेकलेली पिन असेल तर नळी तिच्यावर चढतच नाही. तिथे आधी शिवणाची बारीक सुई दोघींच्या मधे घालून फट करायची, मग नळी.

सगळ्या झाल्या की बसवून बघायचं, आणि इथेच बहुतेक लोक मार खातात. सॉकेटची दांडी पूर्ण वर. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव. मग फक्त सोड. तो स्वतःच्या वजनाने आत बसला पाहिजे. एक बाजू वर राहिली तर बोटाने दाबायचं नाही. उचल, पुन्हा तिरप्या उजेडात बघ, कोणती पिन आडवी येते ते शोध. आपल्या वजनाने बसला, चारही कडा सपाट दिसल्या, की मगच दांडी खाली.

आता मोडलेली पिन. दोन्ही दुकानदार बहुधा हीच पाहून "गेला" म्हणाले. पण 1331 पिना काही 1331 वेगवेगळी कामं करत नाहीत. 65 वॅटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो असं धरलं तर भागाकार करून बघ: पन्नासएक अँपिअर विद्युतप्रवाह. एवढा प्रवाह एका बारीक पिनेतून जाणं शक्यच नाही, म्हणून तो शेकडो पिनांत वाटलेला असतो. पिनांचा फार मोठा हिस्सा निव्वळ वीजपुरवठ्याचा आणि ग्राउंडचा, म्हणजे वीज परत जाण्याच्या वाटेचा, आहे. यातली एखादी मोडली तर तिचा भार बाकीच्या उचलतात आणि तुला फरकही कळत नाही. शिवाय तुझ्या 3600 मध्ये ग्राफिक्स नाही, स्क्रीन वेगळ्या कार्डावर चालते. म्हणजे सॉकेटमध्ये स्क्रीनसाठी राखलेल्या ज्या पिना आहेत त्यातली मोडली असेल तर ती तुझ्या कामाचीच नव्हती.

पण मेमरीची पिन असेल तर गोष्ट वेगळी. मेमरीचे, म्हणजे रॅमचे, दोन चॅनल (स्वतंत्र वाटा) असतात, प्रत्येकात 64 डेटा ओळी, आणि प्रत्येक ओळीला आपली एकच पिन, पर्याय नाही. तिथे मोडली तर त्या चॅनलच्या खाचेतली रॅम दिसणार नाही किंवा त्रास देईल. मात्र दुसऱ्या चॅनलवर मशीन चालू शकतं, वेग थोडा कमी. ग्राफिक्स कार्डाच्या 16 लेनपैकी (डेटा वाहून नेणाऱ्या वाटांपैकी) एखादीची पिन असेल तर कार्ड 16 ऐवजी 8 वर चालेल, तेही बहुतेकांना जाणवत नाही. घड्याळाची, रीसेटची, किंवा बोर्डाला किती व्होल्ट हवेत ते सांगणारी पिन गेली तर मात्र मशीन उठणार नाही.

म्हणून मोडकी पिन कोणती ते शोध. विकिचिप या वेबसाइटवर एएम4 च्या पिनांचा नकाशा आहे: ओळींना अक्षरं, रकान्यांना आकडे. अक्षरांत आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड गाळलेली असतात, मोजताना तिथे घोळ होतो. आणि नकाशा वरून पाहिल्यासारखा काढलाय की पिनांच्या बाजूने, हे आधी पक्कं कर. तू पिना वर करून बघत असशील आणि नकाशा दुसऱ्या बाजूचा असेल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून मोज, दोनदा मोज, दुसऱ्या कुणाकडून तिसऱ्यांदा मोजून घे. आणखी एक, कोपऱ्यांत आणि मधे काही जागी पिना मुळातच नसतात. त्या मोडल्या समजून घाबरू नकोस.

मोडलेला तुकडा कुठे आहे, हेही सांगितलेलं नाहीस. तो शोधल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. टेबलावर, फरशीवर, कूलरच्या पेस्टमध्ये बघ. सॉकेटच्या भोकात राहिला असेल तर दांडी वर करून बोर्ड उलटा धर आणि मागून बोटाने टकटक कर, बहुधा पडतो. बोर्डावर कुठे तरी लोळत राहिला तर दोन टोकं जोडून बोर्डच जाळेल. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तुकडा, पण माझ्या टेबलावर एक चांगला बोर्ड त्याच कारणाने मेलेला आहे.

नवीन पिन बसवता येते का? येते. मेलेल्या एएम4 प्रोसेसरची पिन काढून तिथे सोल्डर करतात. पण घरी करू नकोस, एवढं माझं ऐक. सूक्ष्मदर्शकाखाली करायचं काम आहे, आणि खरी अडचण चिकटवण्यात नाही. सोल्डर पिनेवर वर चढलं की ती जाड होते आणि भोकात जात नाही. काही जण 138 अंशांना वितळणारी बिस्मथची पेस्ट वापरतात, कारण उष्णता कमी लागते. तो जोड ठिसूळ असतो. मी 183 अंशांचं शिसं-कथीलच घेतो आणि शेजारच्या पिना उष्णतारोधक पट्टीने झाकतो. पिन ग्राउंडची असेल तर मी हे काम करतच नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी. चालणाऱ्या गोष्टीला गरम कशाला करायचं? सॉकेटच्या भोकात तांब्याच्या तारेचा तुकडा टाकायची युक्तीही कुणी तरी सांगेल. ती तार सरकून शेजाऱ्याला लागली तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जातात.

चालू करताना एका वेळी एक गोष्ट. प्रोसेसर, नवी पेस्ट, कूलर, ग्राफिक्स कार्ड, रॅमची एकच पट्टी, बाकी काही नाही. बोर्डावर सीपीयू, डीरॅम असे छोटे दिवे असतील तर कुठल्यावर अडकतो ते बघ. उठला की दुसरी पट्टी दुसऱ्या चॅनलमध्ये. मग विंडोजमध्ये सीपीयू-झेड या प्रोग्रामवर मेमरी ड्युअल, म्हणजे दोन्ही चॅनलवर, दिसते का आणि जीपीयू-झेड या प्रोग्रामवर कार्ड 16 लेनवर आहे का ते तपास. मागचे सगळे यूएसबी आणि एम.2 ची (एसएसडी बसते ती) खाच एकेक करून चालवून बघ, कारण यातले काही थेट प्रोसेसरशी जोडलेले असतात. रात्रभर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेव. सकाळी एकही चूक नसेल तर तो प्रोसेसर मी माझ्या घरच्या मशीनमध्येही बिनधास्त लावेन.

तुझ्या एखाद्या मैत्रिणीकडे इंटेलचं किंवा एएम5 चं मशीन असेल तर तिला यातलं पिनांचं तंत्र सांगू नकोस. इंटेलने 2004 पासून आणि एएमडीने 2022 मध्ये एएम5 पासून डेस्कटॉपच्या पिना बोर्डावर नेल्या. त्या उभ्या नसून तिरप्या, स्प्रिंगसारख्या पात्या असतात. त्यांना नळीत धरून "सरळ" केलं तर त्या कायमच्या बिघडतात. तिथे भिंग, बारीक सुई आणि शेजारच्या पातीसारखाच कोन, एवढंच. आणि सॉकेटवरून फडकं फिरवायचं नाही, एका धाग्याने दहा पात्या उपटतात.

पुढच्या वेळी कूलर काढायच्या आधी मशीन पंधराएक मिनिटं एखाद्या जड कामाला लाव, पेस्ट मऊ होते. बंद कर, वायर काढ, स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे सोडव, आणि वर ओढण्याऐवजी कूलर डावीकडे-उजवीकडे फिरव. तो पेस्टवर सरकायला लागला की मगच उचल. आणि प्रोसेसर कधी पुन्हा कूलरला चिकटून आलाच तर स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. हेअर ड्रायरने ऊब दे, दातांचा धागा मधून फिरव, मग पिळून सोडव.

घरी सांगायचं म्हणत असशील तर आजच सांग. तीन वर्षांची वॉरंटी असली तरी पिना मोडलेला प्रोसेसर त्यात बसत नाही, त्यामुळे लपवून काही वाचत नाही. उलट मोजायला घरातलाच एक जोडीदार मिळेल. हात थरथरत असेल तर कवचात घालून ठाण्याला घेऊन ये, गर्दीच्या वेळची गाडी टाळून, पिशवीत टाकून नको, हातात धरून. त्याआधी मोडक्या पिनेचं अक्षर आणि आकडा मोजून मला कळव, आणि तुकडा सापडला का तेही.